पेवउतऱ्यांचा घास

शेवरगावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणात, देवळाच्या पाठीमागे, जमिनीत बसवलेली एक काळी शिळा आहे. जात्याच्या तळीहून थोडी मोठी. तिला शेंदूर नाही, तिच्यापुढे कुणी नारळ फोडत नाही, आणि येता-जाता शेळ्या तिच्यावर लेंड्या टाकून जातात. पण माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चार माणसं पहारीने ती सरकवतात, आणि खालून असा भपकारा येतो की नवखा माणूस तोंडावर उपरणं धरून मागे सरतो. खाली पेव आहे. तोंडाशी एक माणूस जेमतेम जाईल एवढंच, आत रांजणासारखं पोट सुटलेलं, बारा हात खोल. आमच्या ह्या कोरड्या मुलखात ज्वारी पूर्वी अशीच जमिनीखाली ठेवत. तळाला आणि कडेला कडबा लावायचा, वर शिळा ठेवायची आणि शिळेवर माती लिंपून टाकायची.

पौर्णिमेला घरोघरी पुरण शिजतं, पण पुरणाला हात लावण्याआधी गावाला घास घ्यावा लागतो. पेवात मुद्दाम ओल लागू दिलेल्या, कुबट झालेल्या ज्वारीची ती भाकरी. नखाएवढा तुकडा. तो पेवउतरे ह्या आडनावाच्या माणसाने आपल्या हाताने प्रत्येकाच्या तोंडात घालायचा, आणि त्याआधी विचारायचं, "नाव?" समोरच्याने आपलं आडनाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, तोंड उघडायचं, आणि थुंकायचं नाही. पाटील असो, पाहुणा असो, तालुक्याचा साहेब असो. पेवउतऱ्यांना मात्र कुणी भरवत नाही. ते दुरडीतला तुकडा आपल्या हाताने उचलून खातात.

मी निवृत्ती शेवरे. ह्याच गावच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होतो. पौर्णिमेला बाहेरगावची मंडळी येतात, त्यांना शिळेपाशी उभं करून ही हकिगत सांगायचं काम गावाने माझ्यावर टाकलंय. यंदा एक बस भरून पाहुणे आले होते. मंडळी चांगली होती, पण माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. एका बाईंनी तर माझा नमस्कार घेता घेताच पदर नाकाला लावला. माझ्या अंगाला वास येत होता, हे मला माहीत होतं. सकाळपासून दोनदा आंघोळ करूनही तो गेला नव्हता. त्याचं कारण शेवटी सांगेन. आधी जे पाहुण्यांना सांगितलं तेच इथे लिहितो, आणि सांगताना माझं डोकं फिरतं हेही लिहून ठेवतो. देवस्थानाची गोष्ट ऐकायला येणाऱ्यांना उदबत्तीचा वास हवा असतो. ह्या गोष्टीत तो कुठेच नाही.

किती जुनी गोष्ट, ते कुणालाच सांगता येत नाही. ह्या पांढरीवर तेव्हा सतरा पेवं होती म्हणे. सोळा ज्याची त्याची, आणि सतरावं गावाचं. सुगी झाली की प्रत्येक घराने एक पाटी ज्वारी गावपेवात ओतायची. वाड्यावाल्याने एक आणि झोपडीवाल्यानेही एकच. देवीपुढे शपथ होती की हे पेव दुष्काळाशिवाय खाण्यासाठी उघडायचं नाही, आणि उघडायचं तर सगळ्या गावादेखत. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या बरी वर्षं गेली. जुनी ज्वारी काढून नवी भरायची तेवढं काम गुपचूप व्हायचं, आणि ते करणारं घर एकच होतं, गावकुसाच्या कडेचं. पेवात उतरून कडबा लावणं, भिंती लिंपणं, शिळा बसवणं हा त्यांचा धंदा. ह्या घराला गावात कसला मान नव्हता. पोळ्याला त्यांचा बैल शेवटी, होळीला त्यांची गोवरी शेवटी. आडनावसुद्धा नव्हतं त्यांना, कारण त्यांना आडनावाने हाक मारायची वेळ कुणावर आली नव्हती. त्या घरात तेव्हा सटवा नावाचा माणूस होता, त्याची बायको गोजरा, आणि तीन लेकरं.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसरं वर्षही गेला. घरोघरची पेवं झाडून झाली. लोकांनी चिंचोके भाजून दळले, निवडुंगाची बोंडं खाल्ली, आणि गुरं सोडून दिली. दुसऱ्या वर्षीचा चैत्र उजाडला तेव्हा गावाने ठरवलं की आता गावपेव उघडायचं. गाव जमलं. सटवाने शिळेवरची लिंपलेली माती खरवडून काढली, कडा मोकळ्या केल्या, आणि तो बाजूला झाला.

शिळेला पहिला हात कुणी लावायचा, ते कुणी ठरवलंच नव्हतं.

शेवरगावच्या पाटीलकीच्या दोन पात्या, म्हणजे शाखा, थोरली आणि धाकटी. थोरलीचा रायाजी पुढे झाला. धाकटीचा हैबती आडवा आला. रायाजी म्हणाला, आम्ही थोरले, पहिला हात आमचा. हैबती म्हणाला, पेव बांधलं तेव्हा पहिली पाटी आमच्या खापरपणज्याने ओतली, पहिला हात आमचा. ह्याआधी पेव दुष्काळात कधी उघडलंच नव्हतं, त्यामुळे मागचा दाखला कुणाजवळ नव्हता. दोघे पिंपळाखाली बसले. शिळा तशीच राहिली, माती खरवडलेली.

चाळीस दिवस, असं सांगतात. चाळीस दिवस हा वाद चालला. शेजारच्या गावचे पंच बोलावले, त्यांनी ऐकून घेतलं आणि, तुमचा मान तुम्हीच ठरवा, असं म्हणून ते निघून गेले. एकाने तोड काढली की चिठ्ठी टाका. तर चिठ्ठी आधी कुणी उचलायची, ह्यावर आणखी चार दिवस. रोज सकाळी माणसं रिकामी टोपली घेऊन पांढरीवर यायची आणि ऊन चढलं की परत जायची. सांगताना लोक ह्या जागी हसतात. यंदाच्या पाहुण्यांपैकीही दोघे हसले. मी त्यांना म्हणालो, हसू नका, त्या चाळीस दिवसांत शेवरगावात अकरा माणसं भुकेने मेली. पायाखाली धान्य होतं, शिळेवरची माती काढलेली होती, आणि अकरा माणसं मेली. मला ह्या भागाची इतकी शिसारी आहे की दरवर्षी वाटतं, इथेच थांबावं आणि घरी जावं.

आणि गावही तसंच. कुणी एकाने म्हणावं ना, की तुमचा मान घाला चुलीत, मी सरकवतो शिळा! कुणी म्हणालं नाही. जो तो आपल्या पातीच्या मागे हात बांधून उभा.

एकोणचाळिसाव्या दिवशी वळीव कोसळला. दुष्काळातला पाऊस, पेरणीच्या कामाचा नाही. दोन तास धो धो पडला आणि गेला. शिळेच्या कडांना माती नव्हती. पांढरीवरचं सगळं पाणी वाट काढत पेवात उतरलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि शिळेखालून पहिल्यांदा तो वास आला. तेव्हा मात्र दोन्ही पात्या घाबरल्या आणि त्यांना अक्कल सुचली की दोघांनी एकदम हात लावावा. दोघांनी एकदम हात लावला. शिळा सरकली.

सटवाने दोरीला दिवा बांधून आत सोडला. तीन हातांवर दिवा विझला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला.

"पाटील, प्याव कोंडलंय," तो म्हणाला. "आज कुनी उतरू नगा. उद्या सकाळपातुर वारं खेळू द्या."

आणि रायाजी त्याला काय म्हणाला, ते आमच्या गावात अजून जसंच्या तसं सांगतात. "चाळीस दिस गाव उपाशी हाय, आन तू आनिक एक दिस मागतूस? लाज न्हाई वाटत?"

हैबती म्हणाला, "भ्यालास व्हय रं?"

दोघांचं मनापासून एकमत झालं, ते ह्या गोष्टीवर. गोजरा मधे पडली, नवऱ्याचा हात धरून म्हणाली, जाऊ नगा. पण सगळं गाव रिकामी टोपली घेऊन त्याच्याकडे बघत होतं. त्याने दोरी कमरेला बांधली आणि तो उतरला. दोरीला एकदा हिसका बसला. वर ओढला तेव्हा तो गेलेला होता. ओठ निळे पडले होते, एवढंच सांगतात.

माणसाने माणसासारखं वागायचं तर त्या घटकेला वागावं. ह्यांनी काय केलं? आधी ठरवलं की चूक सटवाचीच, दोरी त्याने नीट बांधली नव्हती. मग ठरवलं की आत माणूस मेला म्हणजे पेव विटाळलं, ते बुजवून टाकावं. दोघांपैकी कुणालाच आता पहिला हात नको होता. चाळीस दिवस ज्या मानासाठी जीव टाकला, तो मान नाकाला झोंबताच दोघांनी त्याच्याकडे पाठ केली.

गोजरा पेवाच्या तोंडाशी जाऊन बसली. पाय आत सोडून. "बुजवायचं आसंल तर आदी मला बुजवा," ती म्हणाली. तिला हात धरून उठवायची कुणाची छाती झाली नाही. तिने कडुनिंबाच्या फांद्या तोडून दोरीला बांधल्या आणि त्या पेवात वर-खाली, वर-खाली करायला लागली, विहिरीतून पाणी शेंदावं तशी. आतलं कोंडलेलं वारं हलवायची ती रीत आहे. सटवाच्या घरात ती सगळ्यांना येत होती. तिकडे भावकीने सटवाला माती दिली तरी ती उठली नाही. हात सोलले तेव्हा गावातल्या दोन-चार बाया येऊन दोरीला लागल्या. पुरुष एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा तळापर्यंत गेला आणि जळत राहिला. मग ज्या दोरीने नवरा वर काढला होता, तीच दोरी तिने कमरेला बांधली.

आत काय होतं, ते सांगताना जुने लोक आवाज खाली आणत. मी आणत नाही. गुडघाभर काळा चिखल होता, ज्वारीचाच. त्यात पांढऱ्या अळ्या. कडेच्या कडब्यावर लोकरीसारखी बुरशी. पाय घातला की खालून बुडबुडे यायचे आणि नवीन वास सुटायचा. तो चिखल गोजराने पाटीपाटीने वर पाठवला, अर्धा दिवस. वर बाया तो लांब नेऊन टाकत होत्या आणि रिकाम्या पोटाने ओकत होत्या. मधोमध, पाणी पोचलं नव्हतं तिथे, ज्वारीचा ढीग शाबूत होता. शाबूत म्हणजे दाणा धड होता. पण वास त्याच्या पोटात शिरला होता, आणि तो कितीही धुतला तरी जाण्यातला नव्हता.

ती ज्वारी वर आली. दोन्ही पात्यांनी उपरण्याचे बोळे नाकाला लावले. रायाजी म्हणाला, हे ढोरंसुद्धा खाणार नाहीत. हैबती म्हणाला, आमच्या पंगतीला हे येणार नाही. आणि आता ऐका, ह्या गावाची खरी घाण त्या पेवात नव्हती, ती इथे आहे. मानकरी खात नाहीत म्हटल्यावर बाकीचंही गाव मागे सरलं! पोटं पाठीला लागलेली, लेकरं मातीत पडून, आणि ही माणसं एकमेकांकडे चोरून बघतायत, की आधी कोण हात पुढे करतो आणि सगळ्यांच्या नजरेतून उतरतो. भुकेने मरायची तयारी होती. हलकं दिसायची नव्हती.

गोजराने ज्वारी तीन पाण्यांनी धुतली, शिळेवरच वाळत घातली, जात्यावर दळली आणि तिथेच तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापली. भाजताना वास गावभर गेला. मग ती दुरडी घेऊन उठली, आणि सरळ रायाजीपुढे जाऊन उभी राहिली. अंग अजून पेवाच्या चिखलाने भरलेलं.

"नाव?" तिने विचारलं.

रायाजीला कळेना. सगळं गाव त्याला ओळखत होतं.

"नाव सांगा पाटील. चाळीस दिस ज्याच्यापायी भांडलासा त्ये नाव. मोठ्यानं सांगा, समद्यास्नी ऐकू जाऊ द्या. पयला घास मानाचा हाय, त्यो नाव घिऊनच खायाचा."

रायाजीने नाव सांगितलं. तिने घास त्याच्या तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळला म्हणे. मग ती हैबतीपुढे गेली. त्यानेही नाव सांगितलं, घास घेतला, आणि तो थू करून मातीत थुंकला.

गोजरा खाली वाकली. तो थुंकलेला तुकडा तिने मातीतून उचलला, पदराला पुसला, आणि आपल्या हाताने आपल्या तोंडात घातला. चावून गिळला. "थुकू नगा," ती म्हणाली. "ह्यात माझा मानूस हाय."

त्यानंतर कुणी थुंकलं नाही. गाव रांगेत आलं. ती एकेकाला नाव विचारत गेली आणि भरवत गेली. मृगापर्यंत शेवरगाव त्या घाणेरड्या ज्वारीवर जगलं. पुढे पाऊस झाला, सुगी झाली, तेव्हा पोट भरलेल्या गावाला आठवण झाली की ह्या बाईला काहीतरी मान द्यायला हवा. दोन्ही पात्या तिच्या दारात गेल्या. ती म्हणाली, "मान तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, तुमास्नी त्येची सवय हाय. माझ्या मानसाला नाव द्या." पेवात उतरला म्हणून त्याचं नाव पेवउतरे पडलं, आणि त्याच्या लेकरांचं तेच आडनाव झालं. घासाची रीतही तेव्हाचीच.

शेपटासारखी आणखी एक गोष्ट सांगतात. गोजराचा एक नातू परगावी जाऊन दुसरं नाव लावून राहिला होता. बऱ्याच वर्षांनी तो परतला आणि आजीला म्हणाला, माझं नाव मला परत दे. गोजरा तेव्हा फार थकली होती. तिने पेवाकडे बोट केलं. "वर कुटं पडलंय त्ये नाव? खाली हाय. जा, आन." तो उतरला, ओंजळभर कुबट ज्वारी घेऊन वर आला, तेव्हा तिने त्याला पेवउतरे म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून हे नाव जन्माने मिळतं, पण एकदा टाकलं तर फक्त पेवाच्या तळाशी मिळतं, असं मानतात.

पाहुण्यांना मी एवढं सांगतो आणि मग ते विचारतात, आता गावात पेवउतऱ्यांची घरं किती? माझ्या आज्याच्या वेळी बेचाळीस होती. आज एक आहे. घर म्हणजे एक बाई आहे.

ही माणसं कुठे गेली? कुठेही नाही. इथेच आहेत, तालुक्यात आहेत, पुण्यात आहेत, नाव टाकून. का टाकलं विचारता? अहो, घास वर्षातून एक दिवस असतो. त्या दिवशी गाव पेवउतऱ्यांपुढे तोंड वासून उभं राहतं, गोजराबाईचं नाव घेतं, डोळे पुसतं. दुसऱ्या दिवसापासून तेच गाव नाक धरायला मोकळं. "पेवउतऱ्यांच्यात मुलगी? घरात वास येतो म्हणे." शाळेत आमच्या बाकावर कुणी बसत नसे. लग्नाच्या बोलणीला पाहुणे यायचे, चहा अर्धा ठेवायचे आणि पेल्याचा वास घेऊन बघायचे. मी हे डोळ्यांनी बघितलंय. ज्यांच्या खापरपणज्यांना गोजराने मरणातून ओढून काढलं, त्यांची ही नाकं! मग माणसं कंटाळली. कुणी गावकर झाली, कुणी आईचं आडनाव लावलं. पोरांना पहिलीत घालायला आले की बाप हळूच म्हणायचे, "गुरुजी, आडनाव दुसरं लिवा." मी ते लिहायचो. तेवीस पोरांच्या नावापुढे मी माझ्या अक्षरात दुसरं आडनाव लिहिलंय. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

आता गावाला शिव्या देऊन झाल्या, माझं सांगतो. इथवर पाहुण्यांना मी दरवर्षी सांगतो. ह्यापुढचं यंदा पहिल्यांदा सांगितलं.

मी जन्माने शेवरे नाही. माझा बाप म्हादू पेवउतरे. चोविसाव्या वर्षी मला नोकरी लागली, आणि तालुक्याच्या एका चांगल्या घरची मुलगी सांगून आली. तिच्या बापाने एकच अट घातली. मी आठवडाही मागून घेतला नाही. गॅझेटात नाव बदललं, शेवरे झालो, बोहल्यावर चढलो. माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण होती, हौसाक्का. तिला तोवर सात ठिकाणांहून नकार आले होते, त्याच एका कारणाने. माझं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा होकार आला. माणूस बिजवर होता, पण भला होता, त्याला वासाबिसाचं काही नव्हतं. आक्काने त्याला नाही म्हणून सांगितलं. मी चिडून विचारलं, का गं? ती म्हणाली, "माझं लगीन झालं की माझं बी नाव जातंय. मग घास कुनी द्यायाचा? तुज्या हातात काय ऱ्हायलंय आता?"

एवढंच. पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. मी संसार केला. ती त्या कडेच्या घरात एकटी राहिली, दरवर्षी शिडी लावून पेवात उतरली, ज्वारी आणली, दळली, भाजली. आणि दरवर्षी मी गावकऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. ती मला विचारायची, "नाव?" मी म्हणायचो, "शेवरे." ती परक्याला भरवावं तसा घास माझ्या तोंडात टाकायची, बोट ओठाला लागू न देता. सत्तेचाळीस वर्षं. त्या भाकरीचा वास वाईट असतो, पण मला ओकारी यायची ती त्या वासाने नव्हे.

दिवाळीनंतर आक्का अंगणात पडली. गुडघा गेला. पौर्णिमेच्या आधी देवळात बैठक झाली, की आता पेवात कोण उतरणार. थोरल्या पातीतले आमचे सरपंच म्हणाले, नाहीतरी पाहुण्यांना त्रासच होतो, गावाची शोभा होते, यंदापासून घासाऐवजी पेढा द्यावा. हौसाबाईंनाच खुर्चीवर बसवू, त्यांच्याच हातून देऊ, त्यांचा मान राहील. सगळ्यांना पटलं. माना हलल्या. मान राहील! तो शब्द ऐकला. मी उठून बाहेर आलो. बाहेर येऊन मला कळलं की मीही आत बसून तोंडातून शब्द काढला नव्हता.

आदल्या दिवशी शिळा काढायला माणसं बोलावली ती मी. पेव रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी कंदील सोडला, तो तळाला टेकून जळत राहिला. मग शिडी लावली. एकाहत्तरावं वर्ष आहे माझं. आत उतरलो, गुडघ्यावर बसलो, आणि ओल लागलेली ज्वारी चाचपून वरची काळी बाजूला सारली. हाताला अळ्या लागल्या. मी तिथे ओकलो, ते लपवत नाही. चार ओंजळी धड ज्वारी टोपल्यात घेतली, वर आलो आणि सरळ आक्काच्या दारात गेलो. ती जात्यापाशी पाय लांब करून बसली होती, जणू ज्वारी येणारच होती. टोपलं खाली ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. सूप ओढलं आणि ज्वारी पाखडायला लागली.

तर माझ्यापासून चार हात लांब उभ्या असलेल्या पाहुण्यांना मी शेवटी हे कारण सांगितलं. नाकाचा पदर त्या बाईंनी खाली घेतला. तेवढ्यात आक्काला दोघींनी धरून आणलं, शिळेवर बसवलं, मांडीवर दुरडी दिली. रांग लागली. सरपंच आधी होते, पेढ्याचं नाव न काढता, खिशात हात घालून. "नाव?" त्यांनी नाव सांगितलं, तोंड उघडलं. मग गाव, मग पाहुणे. एकाला उमळून आलं, पण त्याने गिळलं. मी सवयीने सगळ्यांच्या शेवटी होतो.

माझ्यापुढे आता कुणी नव्हतं. आक्काने वर बघितलं.

"नाव?"

चौतीस वर्षं पोरांची हजेरी घेतली, पण हे एक नाव माझ्या तोंडून सत्तेचाळीस वर्षांत निघालं नव्हतं. सगळं गाव ऐकत होतं.

"पेवउतरे," मी म्हणालो, आणि सवयीप्रमाणे तोंड उघडलं.

आक्काने घास उचललाच नाही. दुरडी माझ्यापुढे ढकलली. "मग त्वांड काय वासून हुबा ऱ्हायलास?" ती म्हणाली. "हात न्हाईत व्हय तुला?"

आजही त्या शिळेला शेंदूर नाही, आणि मतदार यादीत शोधलंत तर पेवउतरे हे आडनाव तुम्हाला एकदाच सापडेल. कागदावर मी अजून शेवरेच आहे. पौर्णिमा होऊन आठ दिवस झाले. हाताचा वास गेलेला नाही. सूनबाईने लिंबाची फोड आणून दिली होती, ती मी तशीच ताटाच्या कडेला ठेवली.